नातवाचा हेडसेट

संसारांत पडलेल्या माणसास आयुष्यांत किती प्रकारच्या वस्तु विकत घ्याव्या लागतात याला सुमार नाहीं. पाटावरवंटा, शिवणयंत्र, सायकल, लग्नाचे शालू, मुलांचे चष्मे, वडिलांची काठी, अशा नाना वस्तूंची पारख आम्हीं यथामति केली आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या आधीं जी वस्तु घेण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तिचें नांवहि पूर्वीं आमच्या कानीं पडलेलें नव्हतें. आणि योगायोग असा कीं, ती वस्तु कानांचीच होती. संगणकावर खेळतांना डोक्यावर चढवावयाचा बिनतारी हेडसेट, हीच ती वस्तु. संस्कृत शब्दरूपें घोकून घेण्यांत जन्म घालविलेल्या मास्तरानें या विषयावर लेखणी उचलावी हें पाहून कांहीं वाचक हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. ज्या घरांत शाळा-कॉलेजांत जाणारें मूल आहे, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. तेव्हां आमचा अनुभव त्यांस उपयोगी पडेल.

आमचें घर सांगलीस, कृष्णेच्या घाटापासून फार दूर नाहीं. थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे चिरंजीव, सूनबाई, नातू आणि नात, मिळून आठ माणसें एका छपराखालीं राहतों. थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब पुण्यास गेले त्याला सहा वर्षें झालीं. त्यांचा मुलगा व आमचा येथला नातू हे एकाच पाळण्यांत वाढलेले. रात्रीं जेवणें आटोपल्यावर हे दोघे भाऊ आपापल्या गांवीं बसून दीड तास व्हॅलोरंट नांवाचा खेळ एकत्र खेळतात. २०२० सालीं निघालेल्या या खेळांत पांच-पांच गड्यांचे दोन संघ असतात, आणि प्रतिपक्षाचीं पावलें कोणत्या बाजूस वाजलीं हें ऐकून डाव मांडावा लागतो. प्रथम आम्हांस हा द्यूताचाच नवा अवतार वाटला. पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर २०२५ च्या कायद्यानें बंदी घातली आहे आणि हा खेळ त्यांतला नव्हे, असें चिरंजीवांनीं समजावून दिलें. तरीहि मनांत किंतु होता. शेवटीं सौभाग्यवतींनीं एकदां दाराआडून ऐकलें आणि आम्हांस सांगितलें, "अहो, खेळ कसला! दोघे घरच्याच गोष्टी बोलताहेत." आम्हींहि कान देऊन पाहिला होता, परंतु हल्लींचीं मुलें तोंडांतल्या तोंडांत पुटपुटतात, त्यामुळें आम्हांस कांहींच समजलें नव्हतें.

नातवापाशीं आधीं तारेचा हेडसेट होता. तारेच्या साधनाची निंदा करण्याचें कारण नाहीं. तें स्वस्त असतें, त्याला बॅटरीची चिंता नसते आणि आवाज पोंचण्यास विलंब लागत नाहीं. ज्या घरांत मूल स्वतंत्र खोलींत मेजापाशीं बसतें, त्या घरानें तारेचाच घ्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण आमच्या घरीं खेळण्याची जागा म्हणजे माजघर, आणि स्वयंपाकघराचा रस्ता तेथूनच. एके रात्रीं वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन जात असतां त्या तारेंत त्यांचा पाय अडकला. तांब्या पडला, संगणक थोडक्यांत बचावला, आणि वहिनी भिंतीचा आधार मिळाला म्हणून वांचल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षीं मांडीचें हाड मोडणें म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं बंधूंनीं निकाल दिला, "ही तार घरांत नको." खर्चाची मर्यादा पांच हजार रुपयांची ठरली, ती आमच्या निवृत्तिवेतनांतून, आणि अर्थातच निवडीचें कामहि आमच्याकडे आलें.

आम्हीं एक वही घातली आणि नातवास गुरु करून तीन आठवडे अभ्यास केला. पहिला धडा असा कीं, 'बिनतारी' या एका शब्दाखालीं दोन निराळ्या जाती नांदतात. एक ब्लूटूथची. दहाव्या शतकांतील हॅराल्ड नांवाच्या डेन्मार्कच्या राजाचें जें टोपणनांव होतें, तेंच तिला मिळालें आहे. दुसरी जात डोंगलची. डोंगल म्हणजे संगणकाच्या खांचेंत बसवावयाची लहानशी खुंटी. ती आपल्या जोडीच्या हेडसेटशींच बोलते. दोहोंच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यांतील आहेत. भेद आहे तो बोलण्याच्या रीतींत. साधें ब्लूटूथ आवाजाचें संकोचन करतें, तुकड्यातुकड्यांनीं तो पाठवितें, आणि पलीकडे थोडा सांठा झाल्यावर ऐकवितें. यांत सेकंदाचा पांचवा भाग सहज जातो. चांगल्या डोंगलच्या जातींत हा विलंब सेकंदाच्या शंभर भागांपैकीं दोन ते चार भागांइतकाच असतो.

सेकंदाच्या पांचव्या भागाची ती काय मातबरी, असें आम्हांसहि वाटलें. मग घाटावरचें एक दृश्य आठवलें. पैलतीरीं कोणी धुणें आपटीत असलें म्हणजे हात खालीं आलेला आधीं दिसतो आणि आवाज मागाहून येतो. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर चालतो. म्हणजे सेकंदाच्या पांचव्या भागांत सुमारें ७० मीटर. साधा ब्लूटूथ हेडसेट घालून खेळणारा मुलगा हातभर अंतरावरील पडद्याचा आवाज जणूं ७० मीटरांवरून ऐकत असतो. डोंगल हेंच अंतर दहा मीटरांवर, म्हणजे एखाद्या अंगणाएवढ्यावर, आणून ठेवतें. गाणें ऐकण्यास पहिली जात पुरेशी आहे; पावलांवरून डाव ओळखावयाचा असेल, तर दुसरीच घ्यावी.

दुसरा धडा बोलण्याचा. जुन्या धर्तीच्या ब्लूटूथमध्यें मायक्रोफोन चालू केला कीं हेडसेट टेलिफोनच्या रीतीवर जातो. आवाज पातळ होतो आणि दोन्ही कानांत एकसारखाच येतो. मग दिशा कळणार कशी? एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानांत पोंचावयास फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश एवढाच उशीर होतो, आणि एवढ्याशा भेदावरून, तसेंच दोन कानांतील आवाजाच्या कमीअधिक जोरावरून, मेंदु दिशा जाणतो. तो भेदच पुसला गेला, तर कान दोन असून एक. एलई ऑडिओ नांवाची नवी पद्धत ही अडचण दूर करते. परंतु संगणक आणि हेडसेट या दोघांनाहि ती अवगत असावी लागते.

तिसरा धडा ज्यांच्या घरीं संगणकाऐवजीं खेळाची खास पेटी आहे त्यांच्याकरितां. प्लेस्टेशन ५ या पेटीस ब्लूटूथचा हेडसेट थेट जोडतां येत नाहीं, डोंगल लागतें. एक्सबॉक्सला तर ज्यावर एक्सबॉक्सचें नांव आहे असाच बिनतारी हेडसेट घ्यावा. निन्टेंडो स्विचला २०२१ पासून ब्लूटूथवर ऐकतां येतें, पण त्या वाटेनें बोलतां येत नाहीं. यासाठीं दुकानांत शिरण्यापूर्वीं आपल्या घरीं कोणतें यंत्र आहे, तें कागदावर लिहून न्यावें.

डब्यावरच्या मोठ्या अक्षरांस भुलूं नये, हा चौथा धडा. 'सात दशांश एक' असें लिहिलेलें पाहून आठ ठिकाणांहून आवाज येत असेल असें वाटतें. प्रत्यक्षांत सहसा कानागणिक एकच ध्वनिफलक असतो, बाकीचें सारें गणित, आणि तें गणित पुष्कळदां संगणकहि करतो. ध्वनिफलक ४० मिलिमीटरांचा कीं ५० चा, एवढ्यावरून गुण ठरत नाहीं. रंगीत दिवे तर ज्याच्या डोक्यावर आहेत त्याला दिसतहि नाहींत. बॅटरी मात्र खातात. याउलट वजन अवश्य पाहावें, विशेषतः मूल चष्मा लावीत असेल तर, कारण जड हेडसेट चष्म्याच्या काड्या कानामागें दाबतो.

या चाळणींतून आमच्या वहींत शेवटीं लॉजिटेकचा जी-४३५ राहिला. वजन १६५ ग्रॅम, एकदां भरलेली बॅटरी १८ तास, डोंगल आणि ब्लूटूथ या दोन्हींची सोय. उणेंहि लिहून ठेवतों: त्यास तार जोडतां येत नाहीं, आणि तोंडापुढें येणारी दांडी नसून मायक्रोफोन कानाच्या वाटीतच असल्यामुळें आजूबाजूच्या गलबल्यांत बोलणें तितकें उठून ऐकूं येत नाहीं. परंतु त्यांत एक सोय अशी आहे कीं, आवाज ८५ डेसिबलपर्यंतच राहील अशी मर्यादा घालतां येते. ही सोय किती मोलाची आहे, हें आम्हांस त्या वेळीं उमगलें नव्हतें.

दुकानांत नमुन्याचा हेडसेट होता. तेथील तरुणानें तो आधीं आमच्याच डोक्यावर ठेवला आणि परीक्षेचा आवाज लावला. उजवीकडे टकटक झाली. मग आम्ही वाट पाहत राहिलों. दोनतीन वेळां असें झाल्यावर आम्ही कांहींशा करड्या स्वरांत म्हणालों, "याची डावी बाजू बिघडलेली दिसते." नातवानें हेडसेट घेतला, आपल्या कानांस लावला, आणि कांहीं वेळ कांहींच बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "आजोबा, दोन्ही बाजू चालताहेत." मास्तराचा स्वभाव प्रयोगावांचून मानीत नाहीं. आम्हीं तो उलटा करून घातला. जी वाटी मघां मुकी होती ती उजव्या कानावर येतांच खणखणीत बोलूं लागली, आणि मौन मात्र आमच्या डाव्या कानापाशींच राहिलें. यंत्र निर्दोष ठरलें.

पुटपुटणारीं मुलें, दूरदर्शनवरचे अस्पष्ट बोलणारे निवेदक, हाक मारून उत्तर न देणारी सूनबाई, या साऱ्यांवर आम्हीं गेलीं कित्येक वर्षें जे आरोप केले, ते त्या दुकानांत एकेक करून परत घ्यावे लागले. परंतु यांहून जुनी एक गोष्ट आठवली, ती घरीं येईपर्यंत आम्हीं कोणास सांगितली नाहीं. १९८९ सालीं सहावीच्या वर्गांत शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. शुद्धलेखन सांगितलें कीं याचे अर्धे शब्द भलतेच. नांव घेऊन उठविलें तरी उठत नसे. आम्हांस तो उद्धटपणा वाटला, आणि एके दिवशीं सगळ्या वर्गादेखत आम्हीं त्याचा कान पिळला. पुढील सत्रांत त्याच्या वडिलांनीं डॉक्टरांची चिठ्ठी आणली: मुलास कमी ऐकूं येत होतें. आम्हीं त्याला पहिल्या बाकावर बसविलें, आणि तेवढ्यानें आमचें कर्तव्य झालें असें मानलें. "माझें चुकलें" हे दोन शब्द त्या बारा वर्षांच्या मुलापुढें आमच्या तोंडून निघाले नाहींत. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याच्या मनांत किती गोंधळ आणि किती लाज असते, हें कळावयास आम्हांस आपला डावा कान गमवावा लागला.

म्हणून आवाजाच्या मर्यादेविषयीं आम्ही आग्रहानें लिहीत आहों. कानाच्या आंत ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी ध्वनि टिपतात, त्या माणसांत एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. आमच्या कानास वयानें गाठलें असावें. मुलांच्या कानांस मात्र चैनीची वस्तु गाठूं शकते. जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलेल्या प्रमाणाप्रमाणें मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. लहानांसाठीं तीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं अवधि निम्मा होतो. ८५ डेसिबल असल्यास मोठ्यांनाहि आठवड्यास साडेबारा तासच. तेव्हां ८५ ची मर्यादा घातली म्हणजे दिवसभर ऐकण्याची मुभा मिळाली असें मुळींच नाहीं. नेहमीचा आवाज तिच्या बराच खालीं असावा. आमच्या घरीं साधा नियम केला आहे: हातभर अंतरावरून नेहमीच्या स्वरांत मारलेली हाक हेडसेट असतांनाहि कळली पाहिजे. न कळल्यास त्या रात्रीचा खेळ तेथेंच संपला. ही परीक्षा घेण्याचें काम वहिनींनीं आपण होऊन पत्करलें आहे, आणि त्या तें कर्तव्यबुद्धीनें करतात.

हेडसेट पांच हजारांच्या किंचित् आंत मिळाला. तार गेली, माजघराचा रस्ता मोकळा झाला. पुण्याचा नातू म्हणतो कीं, येथल्याचें बोलणें आतां भांड्यांच्या आवाजांत मधूनमधून बुडतें. दांडीचा मायक्रोफोन असता तर बरें झालें असतें. तें खरें आहे, आणि पुढल्या खरेदीसाठीं आम्हीं तें वहींत टिपून ठेवलें आहे.

आमच्या कानाची तपासणी मिरजेस झाली. डाव्या कानास श्रवणयंत्र लावावें, असा सल्ला मिळाला. नातवाच्या खेळण्यासाठीं तीन आठवडे वही लिहिणाऱ्या आम्हीं स्वतःच्या कानाची गोष्ट मात्र "पाहूं पुढें" म्हणून टाळली. तेव्हां नातवानें तीच वही काढली, नवें पान घेतलें, आणि आमच्याच मथळ्यांखालीं श्रवणयंत्रांचीं नांवें लिहूं लागला: विलंब किती, वजन किती, बॅटरी किती तास. "आजोबा, हेंहि बिनतारीच आहे," असें म्हणून तो हंसला. येत्या सोमवारीं तो आम्हांस घेऊन जाणार आहे. त्या विद्यार्थ्यास लिहिलेलें पत्र आमच्या मेजावर तयार आहे. आतां तो पन्नाशीच्या घरांत असेल. जुन्या हजेरीपटांत त्याच्या गांवाचें नांव सांपडलें आहे. सोमवारीं परत येतांना त्या गांवच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे त्याचा पत्ता विचारावयाचा आहे.