आत्यांची दया

वाशीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. आमचा हौशी प्रयोग मात्र सोसायटीच्या सभागृहातला. नाटक जोसेफ केसलरिंगचे, १९४१ साली ब्रॉडवेवर आलेले 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'. दोन प्रेमळ आत्या खोली शोधत आलेल्या एकाकी म्हाताऱ्यांना घरच्या वाईनमधून विष देऊन 'सोडवतात'. असे १२ जण. तालमींत आम्ही पोट धरधरून हसलो. मग आत्या झालेल्या काकू, ज्यांची दोन्ही मुले परदेशी, सहज म्हणाल्या, "मारतात खऱ्या; पण आधी बसवून घेतात, चौकशी करतात हो!" त्यानंतर आमचे हसू अडखळू लागले. प्रयोगाच्या दिवशी मागे हशा उसळला. ज्येष्ठांच्या पहिल्या रांगेत तो जरा उशिराच पोहोचला.