फळीची टोकं

नऊ वर्षांपूर्वी केलेली ट्रॉली परवा परत आली. हाताखालच्या पोरानं बोल्ट सोडवले, पहिली फळी उचलली आणि काही न बोलता तिचं टोक माझ्यापुढं धरलं. वरून फळी अजून काळसर, टणक. टोकावर अंगठा टेकवला तर आत गेला. भिजलेल्या चहापुडीसारखा भुगा हातात आला.

फळ्या ऐनाच्या, दीड इंची, वर डबल बॉईल जवसाच्या तेलाचे तीन हात. जवस हवा पिऊन घट्ट होतं. जळकं इंजिन ऑईल मात्र कधी वाळत नाही आणि पुढं धान्याच्या पोत्याला लागतं. स्वस्त म्हणून तेच फासणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो. हल्ली तर सगळे लाकडावर चेकर्ड पत्रा ठोकतात. लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली तर बुरशी धरत नाही, पण पत्र्याखाली कोंडलेलं पाणी ती उतरूच देत नाही. त्या पत्र्याचा मला मनापासून राग आहे.

पण या फळीवर पत्रा नव्हता. ती माझ्या हातानं गेली.

टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात, तोडलेल्या उसाच्या कांडीसारख्या. पाणी फळीच्या अंगापेक्षा तिथूनच कितीतरी जास्त शिरतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण टोकं अँगलखाली झाकली जातात, म्हणून तिथं घाईनं एकच हात मारला. उन्हात हौदा चमकला की येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काम कुणाचं हो?" मला ते ऐकायचं असायचं. तीन हातांतले दोन त्या प्रश्नासाठीच होते.

टोकं आधी तेलात बुडवावीत, तर बसवताना फळी पाव इंच छाटावीच लागते आणि तेल प्यायलेलं नेमकं तेवढंच करवतीखाली जातं. बसवल्यावर लावावं, तर अँगलमागं ब्रश पोचत नाही. यावर मी किती पावसाळे डोकं आपटलं!

पोरानं यावेळी सगळ्या फळ्या छाटून, भोकं पाडून, बसवून बघितल्या. खडूनं नंबर घातले आणि पुन्हा काढल्या. एक दिवस जास्त गेला. त्याची मजुरी द्यायला मालक तयार नव्हता; ती मी माझ्यातून दिली. तेलाची फडकी त्यानं दोरीवर सुटी टाकली. बोळा करून ठेवली तर ती आपोआप पेटतात, हे त्याला एकदाच सांगावं लागलं.

माझं मनगट आता ब्रश धरत नाही. पत्र्याच्या डब्यात टोकं बुडवून उभ्या केलेल्या फळ्यांपाशी मी बसतो आणि वेळेवर त्या उलट्या करतो. ऐन फार सावकाश पितो. संध्याकाळपर्यंत तेलाची ओली रेघ जेमतेम पेरभर चढली होती.