एक फाईल, चार खाती

आमच्या घरी लिनक्सचा एकच संगणक आहे आणि त्यावर खाती चार: माझं, बाबांचं, लेकीचं आणि रूटचं. टर्मिनल उघडलं की बॅश आपापल्या होम फोल्डरमधली 'डॉट बॅशआरसी' ही फाईल वाचतो. आपल्या सगळ्या सवयी, लाडकी टोपणनावं तिच्यातच राहतात. (आरसी हे जुन्या 'रनकॉम'चं, म्हणजे 'रन कमांड्स'चं लघुरूप. असो.)

बाबा सत्तरीनंतर टर्मिनल शिकले. त्यांच्या फाईलमध्ये एक ओळ होती: 'आरएम' म्हटलं की 'आरएम -आय' चालव. म्हणजे प्रत्येक फाईल पुसण्याआधी संगणक विचारणार. तर झालं असं की, गेल्या वर्षी लेकीचंच खातं उघडं होतं, बाबा तिथे बसले आणि दोनदा आलेले फोटो निवडून काढायला त्यांनी 'आरएम'पुढे फुली मारली. एकेक विचारेल, हो-नाही सांगू, हा हिशोब. तिच्या फाईलमध्ये ती ओळच नव्हती! आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते ते. काही आत्याकडून परत मिळाले, सगळे नाही. बाबा दोन दिवस संगणकाकडे फिरकले नाहीत.

मग सगळ्यांची फाईल एकच करायची ठरलं. नवं खातं उघडताना 'स्केल' फोल्डरमधली फाईल आपोआप येते खरी, पण ती नक्कल. पुढे जो तो आपल्या वाटेने जातो. माझ्या फाईलची लिंक सगळ्यांना द्यावी, तर उबुंटूत २१.०४ पासून, म्हणजे २०२१ पासून, नवं होम फोल्डर इतरांना बंदच असतं. आणि समजा उघडलं, तरी जो ती फाईल लिहू शकतो तो सगळ्यांच्या खात्यात हवं ते चालवू शकतो. घरात असला म्हणून काय झालं, एवढी सत्ता एका खात्याकडे नको वाटली.

शेवटी सामाईक फाईल 'यूएसआर-लोकल-ईटीसी'मध्ये ठेवली. मालक रूट, बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी. आमच्या तिघांच्या बॅशआरसीत तिला बोलावणारी 'सोर्स'ची एक ओळ, आणि त्याखाली ज्याचं त्याचं. नंतरची ओळ आधीचीवर मात करते, त्यामुळे लेकीची रंगीबेरंगी प्रॉम्प्ट शाबूत राहिली :) रूटला मात्र यातून वगळलं. सामाईक फाईल बिघडलीच, तर दुरुस्तीला एक खातं धड हवं.

पण खरी दुरुस्ती लेकीने सुचवली. ती म्हणाली, "आजोबा, आरएमला हातच लावू नका. आपण वेगळी कमांड करू, 'पुस'." रोमन अक्षरांत चारच अक्षरं. ती विचारूनच पुसते. आणि जिथे आमची फाईल पोचलेली नाही, अशा परक्या मशीनवर 'पुस' म्हटलं, तर अशी कमांडच नाही म्हणून संगणक गप्प बसतो. काही जात नाही.

परवा बाबा माझ्या भावाकडे गेले होते. तिथून फोन आला, "अरे, इथे 'पुस' चालत नाही. ती फाईल पाठव."