पटावर नसलेला वर्ग

शाळा बंद झाली तर निदान कुलूप दिसते. विशेष वर्ग बंद होतो तेव्हा तेही दिसत नाही. तो वर्ग म्हणजे बहुधा एक शिक्षिका, एक कपाट आणि शाळेतली उरलेली खोली. शिक्षिकेचा करार संपला की वर्ग संपला.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, महामार्ग ४४ वरच्या गुडीहत्नूरसारख्या मंडलाच्या गावी बसून काय काय हातचे जाते आहे, त्याची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

योजनेचे नाव. १९७४ ला अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. २००९ ला माध्यमिकसाठी तिची जागा दुसरीने घेतली, २०१३ ला ती माध्यमिक शिक्षा अभियानात विरली, २०१८ ला ते अभियान समग्र शिक्षात. प्रत्येक वेळी कागदावर व्याप्ती वाढली आणि वेगळा हिशेब मागायची सोय गेली.

शिक्षकामागची मुले. पहिल्या योजनेत एकामागे आठ. २००९ च्या योजनेत पाच. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा, वरच्या वर्गांना पंधरा म्हटले, आणि पुढच्या वर्षी केंद्राने तेच नियमात घातले. आज राज्यांना तेवढेही जड जाते.

पैशाची किंमत. समग्र शिक्षात विशेष गरजेच्या एका मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपये. मुलीला त्यातूनच महिन्याचे दोनशे. २०१८ चा हा आकडा २०२१ ला योजनेला मुदतवाढ मिळाली तेव्हाही तोच राहिला. कपात करायला मंत्र्याची सही लागते, असा आपला समज. इथे ती महागाईने परस्पर केली.

भविता केंद्रातली बाई. तेलंगणात मंडलाच्या पातळीवर विशेष गरजेच्या मुलांची ही केंद्रे आहेत. शिकवणाऱ्या कंत्राटी, मानधनावर. २०२४ च्या डिसेंबरात समग्र शिक्षातले कंत्राटी कर्मचारी नोकरीत कायम करा म्हणून संपावर गेले. त्याच वर्षीच्या ११,०६२ शिक्षकांच्या भरतीत विशेष शिक्षणाची १,०१६ पदे होती, हे नोंदवायलाच हवे. तरी केंद्रात जे मूल नेले जाते, त्याचे अपंगत्व बहुधा डोळ्यांना दिसणारे असते. वाचता न येणारे मूल साध्या वर्गात मागच्या रांगेत बसते आणि ‘ढ’ ठरते. त्याच्यासाठी जे कमी झाले, ते त्याला कधी मिळालेच नव्हते.

मोजदाद. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ पर्याय होते, त्यात अशा मुलाची अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने आधीच्या कायद्यातले सात प्रकार एकवीस केले, तेव्हा कुठे ती आली.

पहिली-दुसरीची वर्षे. २०१८ च्या नियमावलीने ठरवले : आठ वर्षे पुरी झाल्याशिवाय अध्ययन अक्षमतेचा दाखला नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. अक्षर बसण्याची वर्षे तोवर गेलेली असतात.

भाषा. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. सीमा ठरली, माणसे राहिली. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली, २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे आता तीन लिप्या. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांत ते अडखळते. तेलुगूत प आणि व एकमेकांची जुळी भावंडे. इंग्रजीत बी आणि डी उलटसुलट. धडधाकट मूल हे पेलते, काही मुले तर मजेत पेलतात. ज्याला अक्षर आणि आवाज यांची सांगडच बसत नाही, त्याची अडचण मात्र तिप्पट होते. शिवाय तेलुगूत अडखळले तर ‘मराठी घरचे आहे’, मराठीत अडखळले तर ‘आता इंग्रजी शिकते आहे’. प्रत्येक अडखळण्याला कारण तयार. खऱ्या कारणाकडे जायची वेळच येत नाही.

ते कारण ओळखायची साधने नाहीत असेही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ ला ‘डाली’ नावाची चाचणी आणली: हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीतही. महाराष्ट्रात दहावीला अशा मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. मराठी चाचणी आहे, एकवीस प्रकारांचा कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे. या तिन्ही गोष्टी गुडीहत्नूरच्या एका मुलापाशी एकत्र आणायला मराठी वाचता येणारा एक विशेष शिक्षक लागतो.

आदिलाबादच्या पुढच्या शिक्षकभरतीची जाहिरात निघेल तेव्हा विशेष शिक्षकांच्या रकान्यात ‘माध्यम : मराठी’ आहे का, ते पाहा. नसेल तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या. तेलुगूतून दिलात तर लवकर वाचला जाईल.