क्रम चुकला तर

गेल्या वैशाखांत आमचें कुटुंब पुण्यांत दवाखान्यांतून परततांना पाऊण तास भर उन्हांत बसच्या थांब्यावर उभें राहिलें. थांब्याचें नांव बरोबर होतें. बाजू मात्र चुकली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच नांवाचे दोन थांबे! घरीं येऊन ती एवढेंच म्हणाली, "आतां मला एकटीला पाठवूं नका." तें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें.

थोरल्या मुलाची कन्या म्हणाली, "आजोबा, आपण थांब्यांचा नकाशाच करूं." यादी तिनेंच मिळविली. अशा याद्यांची जीटीएफएस नांवाची मांडणी अमेरिकेंतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था व गूगल यांनीं २००५ सालीं आरंभिली. तींत प्रत्येक थांब्याला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळें एका नांवाचे दोन थांबे एकमेकांत मिसळत नाहींत. शिवाय अक्षांश व रेखांश असतात. ही यादी जिओजेसन या नकाशाच्या रूपांत आणण्यासाठीं तिनें पायथन भाषेंत वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

"आधीं काय लिहूं?" तिनें विचारलें. जन्मभर भूगोल व संस्कृत शिकविलेल्या मीं ऐटींत सांगितलें, "आधीं अक्षांश, मग रेखांश. यांत विचारायचें काय?"

नकाशा उघडला, तों पुणें ओस! सारे थांबे नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटानजीक समुद्रांत पडलेले. पुण्याचे अक्षांश सुमारें १८.५ व रेखांश ७३.८५, जिओजेसनमध्यें रेखांश आधीं लिहावयाचे असतात. माझ्या ऐटीनें सारें शहर ध्रुवाकडे गेलें! नात पोट धरून हंसली. मला मात्र पाणिनीचा यथासंख्य नियम आठवला : समसंख्य याद्यांतील पदें क्रमानेंच जुळवावींत. तो मुलांना शिकविला, आणि समोरच्याचा क्रम न विचारतांच उत्तर दिलें!

दोन शब्दांची अदलाबदल करतांच थांबे घरीं परतले. दशांशाचीं स्थळेंही आम्हीं तोडलीं नाहींत. अक्षांशाचें चौथें स्थळ म्हणजे अवघे अकरा मीटर, आणि रस्त्याची रुंदी ती केवढी! जाण्याच्या बाजूला तांबडा व येण्याच्या बाजूला निळा ठिपका देऊन नकाशा छापला आणि दाराशीं लावला.

गेल्या गुरुवारीं सौभाग्यवती एकटीच गेली व वेळेवर परतली. "निळ्या बाजूला उभी राहिलें," एवढेंच म्हणाली. नकाशाच्या पाठीवर मीं पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे : "आधीं विचारावें, मग सांगावें."