एचडी चित्रफिती आणि ग्राफिक्स कार्ड : आमचा अनुभव

आमच्या संगणक कक्षातील सर्व संगणकांवर लिनक्स आहे. यंत्रे देणगीतून आलेली, प्रत्येकाचे वय वेगळे. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा आधार संपला तेव्हा नवी यंत्रे घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. लिनक्स विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रांवर चालते आणि त्यातील मेनू मराठीत तसेच कन्नडमध्येही ठेवता येतात. चिकोडीच्या मुलांसाठी ही सोय मोठीच आहे.

गाडे अडले ते एचडी चित्रफितींपाशी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरताना पाहायला मुले सभागृहात जमली होती. सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरले, पण आमच्या पडद्यावर चित्र अडकले आणि आवाज पुढे गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या टाळ्या ऐकून! इंटरनेट ठीक होते, कारण शिक्षकांच्या मोबाईलवर तेच प्रक्षेपण सुरळीत दिसत होते. म्हणजे कमी पडत होता तो संगणक.

याचे कारण सोपे आहे. एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर बिंदू पाच कोटींवर जातात. एवढी माहिती साठवणे कठीण, म्हणून चित्रफीत दाबून लहान केलेली असते. २००३ साली आलेली एच.२६४ ही त्याची सर्वात रुळलेली पद्धत. पाहताना ती उलगडावी लागते. हे काम मुख्य प्रोसेसरने केले तर जुने यंत्र दमते. ग्राफिक्स चिपमध्ये या कामाचा वेगळा भाग असतो, पण लिनक्समध्ये ड्रायव्हर आणि चित्रफीत दाखवणारा प्रोग्राम या दोघांनीही तो वापरायला हवा. त्यासाठी इंटेलने व्हीए-एपीआय आणि एनव्हिडियाने २००८ मध्ये व्हीडीपीएयू हे मार्ग दिले.

कार्ड घेण्याआधी आम्ही प्रत्येक यंत्रावर ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा चालवून पाहिली. कोणत्या पद्धती चिप स्वतः उलगडते, याची यादी ती देते. २०११ नंतरच्या इंटेल प्रोसेसरांतील अंगच्या ग्राफिक्सला एच.२६४ येत होते. फक्त ड्रायव्हर बसवायचा राहिला होता. तेवढ्यावर त्या यंत्रांचे भागले, पैसा लागला नाही. उरला तो सभागृहातील कोअर २ ड्युओ.

त्याच्यासाठी कोल्हापूरला चौकशी केली. एका दुकानात खेळांसाठीचे भलेमोठे कार्ड सुचवले गेले. ते आमच्या पेटीत मावणारे नव्हते आणि आमच्या पॉवर सप्लायला झेपणारेही नव्हते. पैसे पालकांच्या वर्गणीचे, त्यामुळे आम्ही तीन कसोट्या ठरवल्या. कार्डाला एच.२६४ उलगडता यावे. त्याने स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच भागवावे, वेगळी वायर लागू नये. आणि ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच असावा.

तिसरी कसोटी सर्वात महत्त्वाची ठरली. एनव्हिडियाचे जीटी ७१० स्वस्त होते, पण त्याला चालणारी कंपनीच्या ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०, आणि तिचाही आधार २०२४ मध्ये संपला. पुढे कर्नेल बदलला की तो ड्रायव्हर बसेलच याची खात्री नाही. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ५५० ला ५० वॅट पुरतात आणि त्याचा मुक्त ड्रायव्हर कर्नेलमध्येच येतो. आम्ही तेच, कमी उंचीचे, घेतले.

कार्ड बसवल्यावर चांद्रयानाचे तेच चित्रण फाईल म्हणून लावले. ते शेवटपर्यंत अडखळले नाही आणि प्रोसेसरचा पंखाही शांत राहिला. उतरताना पडद्यावरचे आकडे कमी कमी होत गेलेले मुलांनी या वेळी स्वतः वाचले.

आता एव्ही१ ही नवी पद्धत रुळत आहे. ती आरएक्स ५५० ला येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. शाळेच्या फायली एच.२६४ मध्ये असल्याने आमचे काम भागते. आज नवे यंत्र घेणाऱ्यांनी मात्र एव्ही१ आहे ना, हे जरूर पाहावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चाही आधार संपला आहे. त्यामुळे तुमच्या कचेरीतील संगणक भंगारात निघाले असतील तर आधी आम्हाला कळवा. प्रोसेसरचे नाव तेवढे सांगा. तो वर्गात कामाचा आहे की नाही, हे आम्ही पाहू.