एका घंटागाडीचे दोन नंबर

‘साहेब, गाडी माझी हाय का नगरपालिकेची, एवढंच सांगा.’

वसमत तालुक्यातला एक तरुण शेतकरी समोर बसला होता. पिशवीतून त्याने हर्राशीची पावती काढली, आरसी बुक काढले आणि शेवटी एक चुरगळलेला कागद. त्यावर पेन्सिल घासून उमटवलेला चेसिस नंबर. हिंगोलीच्या कोर्टात वाहनांचे दावे चालवताना असे ठसे मी ढिगाने पाहिलेत. हा मात्र आरसी बुकाशी जुळत नव्हता.

झाले होते असे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेने दहा वर्षे राबवून घेतलेल्या दोन घंटागाड्या निर्लेखित करून जाहीर लिलावात काढल्या. दोन्ही एकाच खरेदीतले छोटे हत्ती. दोन्हींचा डबा अर्धा हिरवा, अर्धा निळा; नंबरप्लेटा कधीच गळून पडलेल्या. याला हळदीच्या रानात शेणखत टाकायचे होते, त्यामुळे वासाबद्दल तक्रार नव्हती. बोली याच्या नावावर सुटली. टोचन करून गाडी घरी आणली, तीनदा धुतली, इंजिनाचे काम केले आणि मग नावावर करायला आरटीओत नेली. कचऱ्याच्या पाण्याने खाल्लेली चेसिसची पट्टी निरीक्षकाने पॉलिश पेपरने घासायला लावली. उमटला तो दुसऱ्या घंटागाडीचा नंबर. ताबा देताना पालिकेच्या माणसांनी अदलाबदल केली होती.

आता ती दुसरी गाडी शोधायची तर ती घेतली होती एका भंगारवाल्याने, आणि त्याने ती तोवर कापून टाकली होती. म्हणजे याच्याजवळ ज्या गाडीचे कागद, तिचा पत्रा भट्टीत गेलेला. आणि दारात जी गाडी उभी, तिचे कागद नोंदणी रद्द करण्यासाठी निघालेले.

पालिकेचे उत्तर एका ओळीचे होते. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विक्री झालेली असल्याने तक्रारीचा विचार करता येत नाही. ही ओळ म्हणजे सरकारी लिलावातला रामबाण. कारकून ती पाठ म्हणतात आणि घेणारा निमूट परत फिरतो. पण तिचा आवाका ते समजतात तेवढा नाही. मालविक्री अधिनियम १९३० चे कलम १६ सांगते, की मालाचा दर्जा घेणाऱ्याने पारखून घ्यावा. बॅटरी नाही, गिअरबॉक्स बसलेला, डब्याच्या तळाला भोक – हे सगळे ‘जसे आहे’मध्ये येते, मुकाट गिळायचे. पण वर्णनावर विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे कलम १५ सांगते. आणि लिलावाच्या नोटिशीत पालिकेने स्वतः चेसिस नंबर छापला होता. माझ्या मते ती अट गाडीच्या अवस्थेला लागते, ओळखीला नाही.

‘ग्राहक मंचात जाऊ का?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. जाहीर लिलावात भूखंड घेणारा ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगड प्रशासनाच्या प्रकरणात म्हटले. ते भूखंडांबद्दल असले तरी लिलावाच्या गाडीसाठी मी मंचाची, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाची, वाट धरत नाही. नोटीस आणि मग दिवाणी दावा. इथे दाव्यापर्यंत जावे लागले नाही. नोटिशीनंतर सहा महिन्यांनी, नोंदणी रद्द व्हायच्या आत, पालिकेने चूक लिहून दिली आणि बरोबर आरसी बुक हवाली केले. व्याज नाही, खर्च नाही. ‘कामून नाही?’ असे त्याने विचारले. मी ते पुढे ताणू नको म्हणालो.

खरे तर घाई पालिकेला असायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात गाडी विकली गेली, पुढे हातोहात फिरली, नाव मात्र पहिल्याचेच राहिले. अपघातात जीव गेला आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्या पहिल्याच्या गळ्यात घातली. भांडार नोंदवहीतून गाडी वजा झाली की सुटलो, असे समजणाऱ्या प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर हा निकाल असावा.

गाडी नावावर करण्याच्या फॉर्मचा घोळ निराळाच. केंद्र किंवा राज्य सरकारच्या लिलावातल्या गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५७ खाली फॉर्म ३२ लागतो. सोबत विक्री कायम केल्याचे पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत. नगरपालिका पडली स्थानिक स्वराज्य संस्था. मग ३२ भरायचा, की नेहमीचे २९ आणि ३०? हा वाद टेबलागणिक बदलतो. मी पैसे भरण्याआधीच आरटीओला लेखी विचारून घ्यायला लावतो. गाडी फार जुनी आणि एमएच-२२ ची असेल तर मूळ नोंद परभणीला शोधावी; आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.

१ एप्रिल २०२३ पासून आणखी एक गोष्ट बदलली. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी आता नव्याने होत नाही. त्यात पालिका, पंचायतींच्या गाड्याही आल्या. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जायची. कोणी ‘थोडं काम केलं की रस्त्यावर येईल’ म्हणाला, तर नोंदणीची तारीख बघा आणि परत फिरा.

बाकीच्या गाडीवर खुशाल बोली लावा. पाहणीच्या दिवशी मात्र खिशात पॉलिश पेपर, पांढरा कागद आणि पेन्सिल असू द्या, ठसा स्वतः काढा. आणि फॉर्म ३२ ची तीस दिवसांची मुदत पावतीच्या तारखेपासून नव्हे, ताबा घेतल्या दिवसापासून मोजतात.